आधी सावलीतलं पाहा

शाळेच्या महोत्सवाच्या निमित्ताने ही एक आठवण. विज्ञानाच्या सरांनी आमच्या छंदवर्गात फोटोग्राफी शिकवायला घेतली ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. नागपूरचा मे महिना, दुपारी नळाच्या पाण्याचाही चटका बसायचा. आणि फिल्म धुवायची तर डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांच्या आसपास हवा! पाणी गरम असलं की फिल्मवरचं जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, खराब होतं. मग आम्ही पोरं बर्फाच्या लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणायचो, घमेल्यात ठेवायचो आणि त्यात बाटली बुडवून थर्मामीटरकडे टक लावून बसायचो. प्रयोगशाळेमागच्या खोलीला काळे पडदे, धूळ उडू नये म्हणून पंखा बंद. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर चेहरा उमटू लागला की घामाचं भान राहायचं नाही.

सर म्हणायचे, "उजेडाचं काय घेऊन बसलात रे, तो येतोच. आधी सावलीत काय आहे ते पाहा." निगेटिव्हचा हिशेबच तसा आहे. सावलीतल्या भागाला पुरेसा प्रकाश मिळाला नाही, तर फिल्मवर ती जागा कोरीच राहते. जे टिपलंच गेलं नाही, ते डार्करूममध्ये आणणार कुठून?

पुढे फोटोग्राफी हाच माझा धंदा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा सगळे कॅमेरे त्या उंच पुतळ्यांवर रोखलेले असतात. माझी नजर मात्र खाली जाते. पुतळा ओढणाऱ्यांचे घामेजलेले खांदे, ओट्यावर लेकराला कडेवर घेऊन उभी असलेली बाई. मारबतीचा सण मला खरा कळला तो या लोकांकडे पाहून.

आता मी शाळाशाळांतून वर्गांचे ग्रुप फोटो काढतो, आणि या कामाला मी कधी हलकं मानलं नाही. पुढच्या ओळीत मुख्याध्यापक आणि शिक्षक खुर्च्यांवर बसतात, त्यांच्यावर छान उजेड असतो. मागच्या बाकावर उभी असलेली मुलं बहुतेक वेळा कडुनिंबाच्या सावलीत जातात. फोटोत त्यांचे चेहरे काळवंडले, तर त्यांच्या घरी तो फोटो भिंतीवर लागत नाही. म्हणून मी आधी मागच्या ओळीत जाऊन उजेड मोजतो. गरज पडली तर बाकं हलवायला लावतो, कुणी कुरकुर करो. अख्खा वर्ग एकसारख्या सावलीत आला की मगच बटण दाबतो. माझ्या मते ग्रुप फोटोचा कस शेवटच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या मुलावर लागतो.

डिजिटल कॅमेऱ्यात हे गणित बरंचसं उलटं झालं. तिथे उजळ भाग जपावा लागतो, एकदा पांढराफटक पडला की त्यातलं काहीच परत मिळत नाही. सावली थोडीफार उजळता येते. तंत्र मी बदललं, सवय बदलली नाही. लग्नघरात शिरलो की पहिल्यांदा आचाऱ्यांच्या मांडवात डोकावतो. पंगतीत शेवटी बसणाऱ्या आत्याबाई कोण, ते विचारून ठेवतो. घरातही कोण गप्प आहे, तिकडे आधी लक्ष जातं. हे सरांचं देणं आहे.

महोत्सवात माजी विद्यार्थ्यांचा एकत्र फोटो निघणारच. तो मला काढू द्यावा, अशी संयोजकांना विनंती आहे. बाकं सकाळी नऊच्या आत इमारतीच्या सावलीत मांडून ठेवा, आणि शिपाईकाकांना व घंटा देणाऱ्या मावशींना पहिल्या ओळीतल्या खुर्च्या राखून ठेवा.