आमची वाटचाल: साधे टॅपेट, हायड्रॉलिक टॅपेट आणि आमचं दुकान

आमच्या वर्कशॉपच्या पाटीवर अजूनही 'ऑईल इंजिन, जीप व ट्रॅक्टर' एवढंच लिहून आहे, बदलायचं बदलायचं म्हणता राहूनच गेलं. परतवाड्याहून अंजनगावकडे निघालं की रोडला लागूनच टिनाचं शेड दिसते, तेच आपलं. बाबांनी जागा घेतली तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे संत्र्याच्या बगीच्यातले पंप आणि धारणीकडे सवारी भरून जाणाऱ्या जीपा, आणि मधातच एखादी अँबेसेडर, ती पण डॉक्टरची नाहीतर कंत्राटदाराची. आज आमच्याकडे ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मातीवरच्या शर्यतीच्या, जिप्स्या येतात, बुलेट येतात, नागपूर अमरावतीचे पोरं हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या व्हॉल्ववाल्या भागाचं, काम घेऊन येतात, आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच की भाऊ, गाडी पळवायची आहे तर सॉलिड लिफ्टर टाकू का हायड्रॉलिकच ठेवू. लिफ्टर म्हणजेच टॅपेट, इंजिनात हवा-धूर आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व उघडायला धक्का देणारा तुकडा. आमचं दुकान कसं वाढलं हे सांगायचं तर या टॅपेटवरूनच सांगतो, कारण आमची रोजीरोटी आधी त्यानंच चालवली आणि मंग त्याच्यापायीच बुडायला पण निघाली होती.

तेव्हाच्या सगळ्या गाड्यांना साधे टॅपेट, ज्याला हे पोरं सॉलिड म्हणतात. त्यात काहीच नाही, लोखंडाचा ठोकळा, कॅमनं, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावरच्या उंचवट्यानं, उचललं की पुशरॉड नावाची सळई वर, रॉकरचं दुसरं टोक खाली, व्हॉल्व उघडला. पण इंजिन तापलं की व्हॉल्वची दांडी वाढते, म्हणून आधीच थोडी गॅप सोडावी लागते, आणि घासून घासून ती गॅप बदलत जाते म्हणून पुन्हा पुन्हा सेट करावी लागते. अँबेसेडरला 15 थाऊ, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा. बाबांनी मला पहिल्यांदा शिकवली ती 'नऊची बेरीज'. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व, समोरून एक ते आठ मोजायचे, आठ नंबर पूर्ण दबला असला की एक नंबर सेट करायचा, सहा दबला की तीन, बेरीज नऊ झाली पायजे बस. फिलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, मधात घालून ओढली की किंचित खर्र लागली पायजे, सरसर निघाली तर गॅप जास्त, अडकली तर कमी. हे हाताला समजते, तोंडानं सांगता येत नाही. बाबा म्हणायचे, "वाजणारा टॅपेट चालते रे, मुका टॅपेट व्हॉल्व जाळते." कारण गॅप संपली की व्हॉल्व सीटवर पूर्ण बसतच नाही, आणि व्हॉल्वची गरमी सीटमधूनच हेडमध्ये जाते, मंग एक्झॉस्टचा व्हॉल्व कडेनं जळतो. पुढं मारुती व्हॅनींना गॅसकिट लागल्या तेव्हा तर हे रोजचंच झालं, गॅसवर सीट लवकर खचते, व्हॉल्व वर सरकते आणि गॅप आपोआप खाऊन टाकते, गाडीवाला म्हणते बाप्पा आवाज बंद झाला, छान झालं, आणि दोन महिन्यात कॉम्प्रेशन गायब.

मंग डिझेल स्विफ्ट आली. 2007 मध्ये फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट इंजिन त्यात बसलं, तेच इंजिन टाटांच्या गाड्यांत पण आलं, आणि आमच्या भागात हळूहळू सगळ्या टॅक्स्या त्याच झाल्या. त्यात टॅपेट सेट करायचं कामच नाही, रॉकरखाली हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टर, म्हणजे गॅप ऑईलनं आपोआप भरणारा हायड्रॉलिक लिफ्टरचाच भाऊ, फिलर गेज लावायला जागाच नाही. जीपवाले दर काही महिन्यानं टॅपेटसाठी यायचे आणि त्यासोबत चार किरकोळ कामं निघायची, ते गिऱ्हाईक असं आटलं की बाबा चिडून म्हणाले, "काऊन बे, आता काय पंक्चर काढाचे का आपण?"

पण काम संपलं नव्हतं, फक्त गेजवरून ऑईलवर गेलं होतं. हायड्रॉलिक लिफ्टरच्या आत एक बारीक प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि बॉलचा चेक व्हॉल्व. व्हॉल्व बंद असताना जी गॅप पडते ती ऑईल प्रेशरनं भरल्या जाते, कॅम उचलायला लागला की चेक व्हॉल्व बंद, आतलं ऑईल काही दाबल्या जात नाही म्हणून लिफ्टर ठोकळ्यासारखा वागतो. म्हणजे दर फेऱ्याला तो आपला टॅपेट आपणच सेट करून राहिला. सगळा जीव ऑईलमध्ये. आमचे टॅक्सीवाले ऑईल बदलायचं लांबवत न्यायचे आणि वरून स्वस्त मिळते म्हणून भलत्याच ग्रेडचं ओतायचे, त्या काळ्या गाळानं चेक व्हॉल्व अडकला की टकटक सुरू. कोणी डिपस्टिकच्या वरपर्यंत भरायचे, मंग क्रँक ऑईलला घुसळते, फेस होते, आणि फेसातली हवा लिफ्टरमध्ये गेली की ती दबते, पुन्हा टकटक. बाकी ठिकाणी लोक सरळ लिफ्टरचा पूर्ण सेट बदलून द्यायचे, आम्ही आधी ऑईल प्रेशर पाहायचो, संप, म्हणजे खालचं ऑईलचं भांडं, उघडून जाळी पाहायचो, आणि अर्ध्या गाड्या तेवढ्यातच गप व्हायच्या. त्याच्यावरूनच आमचं नाव झालं असं म्हणायला हरकत नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन चार सेकंद आवाज येऊन बंद होत असेल तर काहीच करू नका हेही आम्ही सांगतो, फुकट.

पळवायच्या गाड्यांचं खूळ लहान भावानं आणलं, नाशिकची रॅली पाहून आला आणि डोक्यात तेच. पहिली आली ती जिप्सी. तिच्या 1.3 च्या हेडमध्ये रॉकरलाच स्क्रू आणि लॉकनट आहे, म्हणजे साधंच, त्यामुळे हायड्रॉलिक का सॉलिड हा प्रश्नच नव्हता. पण कॅम रिग्राइंड, म्हणजे घासून नवा आकार, करून आणला होता. रिग्राइंड करताना कॅमचा बेस घासून लहान होते, मंग स्क्रू जास्त बाहेर काढावा लागते, रॉकर तिरपा बसते आणि व्हॉल्वच्या दांडीच्या टोकाला मधात न दाबता कडेला दाबते. ती खूण मार्कर पेननं टोकावर रंग लावून, दोन फेरे फिरवून पाहायची, मधात घासलं तर ठीक नाहीतर दांडीला धरणारी गाइड गेलीच समजा. ते सगळं जमवलं आणि मालकाला सांगितलं, प्रत्येक इव्हेंटनंतर कव्हर उघडाचं म्हणजे उघडाचं. त्याला स्वतःला आवड होती, गेज घेऊन तोच करते आता.

खरी परीक्षा घेतली ती एका जुन्या इम्पालानं. एका संत्रा व्यापाऱ्याच्या वाड्यात आजोबांच्या काळची शेवरोले इम्पाला झाकून होती, 283 क्यूबिक इंचाचं व्ही-8, म्हणजे आपल्या भाषेत साधारण 4.6 लिटर, फॅक्टरीचे हायड्रॉलिक लिफ्टर. नातू शिकलेला, त्याचा हट्ट सॉलिडचा. त्याचं वाचन चूक नव्हतं, 1957 च्या कॉर्व्हेटमध्ये याच 283 नं फ्युएल इंजेक्शन आणि शेवरोलेचा इंजिनिअर झोरा अर्कस-डुंटोव याच्या सॉलिड कॅमवर 283 हॉर्सपॉवर दिली होती, एका क्यूबिक इंचाला एक. आणि त्याला टाकायचा होता त्याच माणसाच्या नावाचा नंतरचा '30-30' कॅम, जो 1964 च्या 365 हॉर्सपॉवरच्या 327 इंजिनात आला. नावच गॅपवरून, इनटेकला 30 थाऊ, एक्झॉस्टला 30 थाऊ. अँबेसेडरच्या दुप्पट! बाबा ऐकून हसलेच.

मी त्याला बसवून सांगितलं. सॉलिड कशासाठी लागते, तर वरच्या आरपीएमसाठी. इंजिन जास्त फिरलं की स्प्रिंगला व्हॉल्व वेळेवर परत आणता येत नाही, लिफ्टर कॅमवरून क्षणभर सुटते, हायड्रॉलिकला वाटते गॅप पडली, ते ऑईलनं भरून घेते आणि मंग व्हॉल्व बंदच होऊ देत नाही, याला पंप-अप म्हणतात. गाडी वर श्वास सोडते. सॉलिडमध्ये भरायला काही नाही, आणि त्याला जाडी स्प्रिंग पण चालते. पण हे जुन्या व्ही-8 ला साधारण 6000 च्या वर सुरू होते. आणि आता तेही जुनं झालं, शेवरोलेच्याच एलएस-7 इंजिनात हायड्रॉलिक रोलर लिफ्टर आहेत आणि रेडलाइन, म्हणजे फिरवायची वरची मर्यादा, 7000 आहे. सॉलिड कॅमचा आकडा पण फसवा असते, गॅप भरेपर्यंत कॅम फिरतच राहते, म्हणून कागदावर तेवढ्याच ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व उघडा ठेवण्याच्या मापाचा, सॉलिड कॅम हायड्रॉलिकपेक्षा 8-10 डिग्रीनं लहान वागते. मी विचारलं, गाडी कुठं चालवणार? लग्नाच्या वरातीत, 26 जानेवारीला, आणि फार तर चिखलदऱ्याच्या घाटात. मे महिन्यात 45 डिग्रीत बँडच्या मागं आयडलवर रांगणाऱ्या गाडीला 30-30 कॅम? तो कॅम खाली झोपलेला राहते, वर जाऊन उठते, आणि वर कोण नेणार होतं. आणि दर थोड्या दिवसानं सोळा टॅपेट कोण पाहीन? नातू पुण्याला.

हायड्रॉलिकच ठेवलं, कॅम थोडासा तेज. लिफ्टर पण नवेच मागवले, कारण फ्लॅट टॅपेटमध्ये जुना लिफ्टर नव्या कॅमवर कधीच टाकत नाही. लिफ्टरचं बूड सपाट दिसते पण किंचित फुगीर असते, कॅमचा लोब किंचित उतरता, त्यानं लिफ्टर जागेवर फिरत राहते, आणि फिरला नाही की खल्लास. सेट करताना पुशरॉड दोन बोटांत फिरवत फिरवत नट आवळायचा, वरखाली खेळ संपला तिथं थांबायचं, आणि तिथून अर्धा फेरा. बाबांच्या हाताला ते पटेना, त्यांना गॅप दिसली नाही की बेचैन होतात.

नवा कॅम पहिल्यांदा चालू करताना काळी मॉलीची चिकट पेस्ट लोबवर लावून, जास्त झिंकवालं ऑईल टाकून, आयडलवर न ठेवता सरळ 2000 च्या वर नेलं आणि वीस मिनिटं 2000 ते 2500 मध्ये खालीवर करत ठेवलं. आजकालच्या पेट्रोलच्या ऑईलमध्ये झिंक फॉस्फरस कमी केलेलं असते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी, ते ऑईल अशा कॅमला घातक. वीस मिनिटं व्ही-8 गर्जत होतं, अर्धं गाव जमा, समोरचा चहावाला दुकान उघडं टाकून आला. नातवाचं तोंड आधी उतरलेलं होतं ते घाट चढून आल्यावर खुललं.

तेव्हापासून आमचा नियमच झाला. सॉलिड टाकून मागणाऱ्याला आधी विचारतो की गेज तुझ्या घरी आहे का, आणि गाडी कितीला फिरवणार. जमत नसेल तर आम्ही काम सोडून देतो, जरी सॉलिडवाला दर वेळी परत येऊन पैसे देणार असला तरी. भाऊ याच्यावर अजून भांडते माझ्याशी, त्याचं म्हणणं गिऱ्हाईक मागते ते द्यावं. बुलेटवाले पण असंच, जुन्या कास्ट आयर्न इंजिनमध्ये पुशरॉड बोटानं फिरला पायजे पण वरखाली हलला नाही पायजे, एवढं दर रविवारी करणारा हौशी असेल तर ठीक, पण नंतरच्या यूसीई इंजिनचे हायड्रॉलिक काढून साधे टाकून मागतात त्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो.

टॅपेटचं काम असेल तर गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी आणून ठेवा, थंड इंजिनवर सेट करतो आम्ही. सकाळी अमरावतीहून तापवत आणली तर दुपारपर्यंत बसावं लागीन. आणि ऑईल कोणतं, कधी बदललं, ते खरं सांगा, खोटं कव्हर उघडलं की दिसतेच.