पाळकसाहेबांना हिशेब विचारता, मग विश्वास कुठे राहिला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पास्टोरेट कमिटीत (पाळकांसह चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत) मी बरीच वर्षं खजिनदार आहे. उपासना सुटल्यावर आवारात, लग्नाच्या पंगतीत, कधी फोनवरही एक प्रश्न हमखास येतो: "ताई, भर सभेत पाळकसाहेबांना, आपल्या धर्मगुरूंना, हिशेब विचारता, मग त्यांच्यावर विश्वास आहे असं कसं म्हणायचं?" विचारणारे भाविक असतात, त्यांना मनापासून वाईट वाटलेलं असतं.

माझं उत्तर असं, की ज्या पाळकांना मी विचारू शकते त्यांच्यावरच माझा विश्वास बसतो.

रविवारी वेदीपुढे प्रार्थना झाली की अर्पणाच्या थैल्या व्हेस्ट्रीत, चर्चमधल्या बाजूच्या खोलीत, येतात. त्या टेबलावर रिकाम्या करायच्या, नोटा एका बाजूला, नाणी दुसऱ्या बाजूला. पाकिटं वेगळी ठेवायची, कारण त्यांच्यावर काही ना काही लिहिलेलं असतं. वाढदिवस. नातवाला नोकरी लागली. ऑपरेशन सुखरूप पार पडलं. एका आजींच्या पाकिटात नेहमी जुन्या, चार घड्या घातलेल्या नोटा असतात. पेन्शनीतून बाजूला काढलेल्या. दोघांनी मोजायचं, दोघांनी वहीत सही करायची, एकट्याने कधीच मोजायचं नाही. मागचे एक पाळकसाहेब बदलून आले तेव्हा रिवाजाप्रमाणे कपाटाची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली गेली. ते म्हणाले, "किल्ली मला नको. वही मात्र दर महिन्याला दाखवा, आणि मी काही खर्च केला तर त्याची पावती मागा." त्या दिवसापासून त्यांचा उपदेश मी वेगळ्या कानांनी ऐकू लागले.

यात नवीन काही नाही. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी प्रेषित पौलाने वर्गणी जमवली. त्या कामासाठी आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधूही पाठवला. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो कारणही सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आम्हाला दोष लावू नये, आणि आमचं वागणं प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या नजरेतही चांगलं असावं. पौलाच्या प्रामाणिकपणावर कोण शंका घेणार होतं? तरीही त्याने ही सोय आपणहून केली.

विचारणाऱ्याचं तोंड बंद करायला एक वचन फार वापरलं जातं, त्याचा मला मनस्वी त्रास होतो. "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." अभिषिक्त म्हणजे देवाने निवडलेले. हे बायबलमधलं 105 वं स्तोत्र. तिथे बोलणं आहे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याविषयी. मूठभर परके लोक देशोदेशी भटकत होते, आणि त्यांना छळू नका म्हणून देवाने राजांना दटावलं. दुबळ्यांच्या रक्षणासाठी दिलेलं वचन खुर्चीच्या रक्षणासाठी वापरायचं हे मला पटत नाही. जिवावर उठलेल्या शौल राजावर दावीदानेही हात उचलला नाही, तो परमेश्वराचा अभिषिक्त म्हणून. पण गुहेतून बाहेर येऊन, त्याच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, त्याला तोंडावर जाब विचारलाच की!

नम्रतेबद्दलही आपला घोटाळा होतो. हळू बोलणारा, मान खाली घालणारा, वाक्यावाक्याला "मी तुमचा सेवक" म्हणणारा माणूस आपल्याला नम्र वाटतो. असे एक सेवक मी जवळून पाहिले आहेत. शब्द लोण्यासारखे, आणि वार्षिक सभा वर्षानुवर्षं बोलावलेलीच नाही. कोणी विषय काढला की डोळ्यांत पाणी. लोक गप्प बसत, आणि हळूहळू दुसऱ्या मंडळीत जाऊ लागत. उलट कडक बोलणारे, वेळेचे काटेकोर असे पाळकही पाहिले, जे छताच्या दुरुस्तीचं एकेक बिल सभेत वाचून दाखवत आणि चूक निघाली तर तिथल्या तिथे दुरुस्त करत. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी दोघेही करत. योहान आपल्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात सांगतो, की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे ठाऊक असताना येशू भोजनावरून उठला आणि शिष्यांचे पाय धुवायला त्याने रुमाल कमरेला बांधला. अधिकार पुरता हातात होता, म्हणून खाली बसायला त्याला भीती वाटली नाही. प्रश्नाला घाबरणाऱ्या माणसाला स्वतःच्या पदाचीच खात्री नसते, असं मला आता वाटतं.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे येते. पुण्यात आर्य महिला समाज काढून त्या इंग्लंडला गेल्या आणि 1883 साली वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना त्यांनी लिहिलं, की मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं घेणार नाही. ख्रिस्त त्यांनी सोडला नाही आणि प्रश्नही सोडले नाहीत.

आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची घडणही अशीच आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एक झाल्या. त्यांत बिशप मानणारे अँग्लिकन होते, तसे मंडळीनेच निर्णय घ्यावा म्हणणारे बाप्टिस्टही. म्हणून पाळक कमिटीचे अध्यक्ष असले तरी कमिटी असतेच. शिवाय सार्वजनिक न्यास म्हटला की 1950 च्या कायद्याने हिशेबांचं ऑडिट आलंच. पण ऑडिटर कागद तपासतो. पेन्शनीतले पैसे देणाऱ्या आजींना समोरासमोर उत्तर देणं हे काम पाळकांचं आणि माझं.

माझी एक तक्रार मात्र आहे. वार्षिक सभा उपासनेनंतर लगेच असते आणि निम्मे बाक तोवर रिकामे झालेले असतात. जमाखर्च आठवडाभर आधी फलकावर लावलेला असतो. तो वाचून या, जेवायला थोडा उशीर होऊ द्या, आणि मला न विचारता थेट पाळकसाहेबांना विचारा. खजिनदाराबद्दल काही असेल तर तेही.