दोन कन्सोल आणि एकच आकडा

चवथीच्या आधीच्या आठवड्यात फोंड्याच्या आमच्या ऑफिसातला लिनक्स सर्व्हर मधूनच गोठायला लागला. काउंटरवरून फोन यायचा, "सर, परत अडकलं बघा," आणि मी डिचोलीहून निघेपर्यंत मशीन आपलं सुरू. डिस्क, रॅम, केबल सगळं ठीक निघालं.

शेवटी सिरियल कन्सोलला, म्हणजे सर्व्हरचे मेसेज वायरीने बाहेर देणाऱ्या पोर्टला, लॅपटॉप लावून बसलो. अक्षरं मुंगीच्या पावलांनी येत होती. वेग ९६०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट, एका अक्षराला दहा), म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. फायरवॉलच्या लॉगची एक ओळ दोनशे अक्षरांची. सेकंदाला पाच ओळी आल्या की वायर तुडुंब. ओळ जाईपर्यंत कर्नेल (लिनक्सचा गाभा) थांबतो आणि मशीन त्याच्यामागे ताटकळतं.

मला हवं होतं एवढंच: स्क्रीनवर सगळं दिसू दे, सिरियलवर फक्त एरर. दोन दिवस यातच गेले. बूटच्या ओळीत (सुरू होताना कर्नेलला दिलेल्या सूचनांत) टीटीवाय० म्हणजे स्क्रीन आणि टीटीवायएस० म्हणजे सिरियल दोन्ही लिहिता येतात, सिरियलला बॉडही देता येतो, पण प्रत्येकाच्या वेगळ्या लॉगलेव्हलला (मेसेजची पातळी; आकडा लहान तेवढा मेसेज गंभीर) जागाच नाही! कर्नेलच्या मेसेज छापण्याच्या, म्हणजे प्रिंटके, सेटिंगमध्ये चार आकडे दिसले, तेव्हा वाटलं सापडलं. पण ते चार कन्सोलचे नव्हेत. पहिला चालू पातळी, दुसरा पातळी न दिलेल्या मेसेजची, तिसरा किमान, चौथा मूळ डीफॉल्ट. पहिला आकडा सगळ्या कन्सोलना एकच. वेगवेगळ्या कन्सोलना वेगवेगळी पातळी ही साधी गरज आहे, आणि ती इथे भागत नाही याचा मला अजून राग येतो.

मी तो पहिला आकडा ५ ठेवला, तरी पूर थांबेना. कारण त्या आकड्यापेक्षा *लहान* पातळीचेच मेसेज छापले जातात, आणि आयपीटेबल्सचा, म्हणजे आमच्या फायरवॉलचा, लॉग डीफॉल्टने ४, म्हणजे वॉर्निंग. ४ केल्यावर त्याच क्षणी सिरियल शांत झाला. तेव्हा केवढं हायसं वाटलं!

स्क्रीनसाठी आरसिसलॉगमध्ये (लॉग गोळा करणारा प्रोग्रॅम) कर्नेलचे सगळे मेसेज टीटीवाय१२ या बाराव्या स्क्रीनकडे वळवले; कंट्रोल-ऑल्ट-एफ१२ दाबलं की दिसतात. तिथे वाट्टेल तसं गाळता येतं. मात्र मशीन पूर्ण अडकलं तर आरसिसलॉगही अडकतो, म्हणून एरर सिरियलवर थेट राहू द्या. ४ ठेवायला घाबरू नका, पॅनिक आला, म्हणजे कर्नेलच कोसळला, तर तो स्वतःच पातळी चढवतो.

हो, आधी डीमेसेज या कमांडला -एन ४ देऊन बघा, लगेच लागू होतं. पण रीबूटनंतर ते जातं, तेव्हा सिसकंट्रोलच्या (कर्नेलच्या कायमच्या सेटिंगच्या) फाइलीत लिहा, आणि बूटच्या वेळेसाठी लॉगलेव्हल ४ बूटच्या ओळीत. बॉडही ११५२०० करा, दोन्ही टोकांना.