तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगराचा नाद कसा लागला?

ट्रेकहून परतताना एसटीत शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, तुम्हाला हा डोंगराचा नाद लागला कसा?" विचारणारी बाई आई असेल तर थोड्या वेळाने खरा प्रश्न बाहेर येतो, "आमच्या मुलीला कसा लावायचा?" एवढ्याशा प्रवासात ते सांगून होत नाही, म्हणून इथे सांगते.

आमच्या घरात डोंगराचं वातावरण अजिबात नव्हतं. मला बाळदमा होता. शाळेत पीटीच्या तासाला मी कट्ट्यावर बसून मैत्रिणींच्या वस्तू सांभाळायचे. पर्वतीच्या १०३ पायऱ्यासुद्धा तेराव्या वर्षापर्यंत मी कधी एका दमात चढले नव्हते. १९९१ च्या डिसेंबरात मामा घरी आला आणि म्हणाला, "हिला राजगडावर नेतो." आई घाबरली. "तिला झेपणार आहे का?" मामा म्हणाला, "नाही झेपलं तर येऊ परत. गड कुठे पळून जातोय?"

स्वारगेटहून एसटीने मार्गासनीला उतरलो, तिथून साखरमार्गे गुंजवण्यापर्यंत पायी. मला धाप लागली की मामा स्वतःच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला बसायचा. त्या दिवशी त्याने किती वेळा नाडी बांधली असेल! मी थांबले असं त्याने एकदाही होऊ दिलं नाही, हे मला कितीतरी वर्षांनी उमगलं.

चोर दरवाजाची वाट शेवटी कातळावर येते. आज तिथे रेलिंग आहे. तेव्हा मामा माझ्या खाली उभा राहून डावा पाय कुठे, उजवा कुठे, ते सांगत होता. दगड उन्हाने तापला होता आणि बोटांना त्याची खरखर लागत होती. दरवाजा इतका ठेंगणा की वाकून शिरावं लागतं. वाकले, आत गेले, मान वर केली, तर समोर पद्मावती तलाव! एवढ्या उंचावर एवढं पाणी असेल हे माझ्या मनातही नव्हतं.

पण नाद तिथेही लागला नाही. माचीच्या तटाशी बसून गूळ-शेंगदाणे खाताना मामाने विचारलं, "आपण कुठून आलो, दाखव बघू." खाली गुंजवण्याची घरं काड्यापेटीएवढी दिसत होती. तिथून निघालेली पायवाट झाडीत शिरत होती, पुढच्या सोंडेवर पुन्हा दिसत होती. ती मी बोटाने खालपासून वरपर्यंत काढत आणली, आणि बोट शेवटी माझ्याच पायाशी येऊन थांबलं. एवढं सगळं मी चालले होते. कट्ट्यावर बसणारी मी. महाराजांनी जवळजवळ २५ वर्षं जिथून कारभार केला तो हा गड, हे मामा पुढे सांगत होता. मला ते अर्धंच ऐकू आलं. इतिहासाची गोडी नंतर लागली, आणि ती पायांमार्फत लागली.

गेली वीस वर्षं मी नवख्यांना घेऊन जाते. २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचले, त्यानंतर कितीतरी मुलं ती बातमी वाचून आली. हल्ली फोनवर धबधबे बघून येतात. दोन्ही चांगलंच आहे, पण त्याने माणूस पायथ्यापर्यंत येतो. दुसऱ्यांदा तो का येतो, हे मात्र दर वेळी वेगळं निघतं. एक काकू हरिश्चंद्रगडाच्या उतारावर ज्या झुडपांना धरून धरून उतरल्या ती कारवी, आणि ती सात वर्षांनी एकदा फुलते, एवढं ऐकून फुलोऱ्याच्या वर्षाची वाट बघत राहिल्या. एका मुलाला तिथल्याच केदारेश्वराच्या गुहेतल्या त्या गार पाण्याने धरलं. हे आधी ठरवून कुणाला देता येत नाही.

म्हणून त्या आयांना मी एवढंच सांगते: मुलीला न्या, आणि घाई करू नका. वर पोचलंच पाहिजे असं घरून ठरवून निघू नका. आणि खरं सांगायचं तर तिच्यादेखत "हिला जमत नाही" हे वाक्य पुन्हा कधी बोलू नका, मला त्याचा फार राग येतो.

मागच्या पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाचीला निघालो होतो. बरोबर नऊ वर्षांची एक मुलगी होती. वाटेतल्या ओहोळात तिला खेकडा दिसला. तो दगडाखाली जायचा, एक नांगी बाहेर काढायचा, पुन्हा आत. ती उकिडवी बसून बघत राहिली. तिची आई दोनदा "चल" म्हणाली. मी म्हटलं, बसू दे. पुढे धुकं उतरलं, उशीर झाला, आणि राजमाचीचा श्रीवर्धन हा बालेकिल्ला न बघताच आम्ही त्याच्या पायथ्याच्या उधेवाडीतून परतलो. गटातले दोघे नाराज झाले.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या आईचा फोन आला आणि मागून तिचाच आवाज ऐकू आला, "मावशीला विचार ना, तो खेकडा होता तिथे परत कधी जायचं?"