तुम्ही विचारलंत म्हणून : उंदराचे नॉनक्लासिकल रेणू

एमएचसी रेणू म्हणजे सहसा पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर आणून रोगप्रतिकारक पेशींना दाखवणारे रेणू. उंदरांतल्या त्यांच्या नॉनक्लासिकल प्रकारावरचा तास संपला, की कोणीतरी हमखास विचारते, "सर, हे रेणू पेशीवर दिसतातच इतके कमी, मग ते करतात तरी काय?" प्रश्न रास्त आहे. १७व्या गुणसूत्रावरच्या एच-२ या एमएचसी जनुकांच्या विभागातले के आणि डी हे क्लासिकल रेणू जवळजवळ प्रत्येक पेशीवर भरपूर असतात, तर शेजारच्या क्यू, टी आणि एम पट्ट्यांतली भावंडे बहुधा तुरळकच आढळतात. मात्र हे तुरळकपण त्यांच्या घडणीतूनच आले आहे, असे माझे मत आहे.

एम३ हा रेणू घ्या. त्याची स्फटिकरचना १९९५ साली प्रसिद्ध झाली. पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) धरणाऱ्या खोबणीच्या एका टोकाचा कप्पा त्यात बुजलेला आहे. त्यामुळे पेप्टाइडचे पहिले अमिनो आम्ल पुढच्या कप्प्यात सरकते आणि तिथे त्याच्यावरचा फॉर्मिल हा छोटा रासायनिक गट नेमका पकडला जातो. आता प्रथिनाची सुरुवात फॉर्मिल-मेथिओनिनने करतात ते जिवाणू, आणि उंदराच्या स्वतःच्या पेशीत केवळ मायटोकॉन्ड्रिया, ज्यांच्या डीएनएवर अवघ्या १३ प्रथिनांची माहिती असते. साहजिकच एम३ला जोडीदार क्वचितच मिळतो आणि तो पेशीच्या आत, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या प्रथिने घडवणाऱ्या जाळीत, वाट पाहत राहतो. बाहेरून फॉर्मिलयुक्त पेप्टाइड दिले, की तो पृष्ठभागावर येतो. लिस्टेरिया या जिवाणूच्या संसर्गात टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) त्याला ओळखतात ते याच मार्गाने. (गंमत म्हणजे या रेणूचा माग लागला तो फक्त आईकडून पिलांकडे जाणाऱ्या एका प्रतिजनामुळे, कारण मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात.)

क्यूए-१ या दुसऱ्या नॉनक्लासिकल रेणूची खोबण आणखी चोखंदळ आहे. तिच्यात प्रामुख्याने डी रेणूच्या संकेतखंडातून (प्रथिनाच्या सुरुवातीच्या, नंतर कापल्या जाणाऱ्या भागातून) सुटलेला नऊ अमिनो आम्लांचा तुकडा बसतो. तो दिसत असेपर्यंत एनके पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशींना मारणारी रोगप्रतिकारक पेशी, सीडी९४-एनकेजी२ए या ग्राहीमार्फत स्वस्थ राहते. विषाणूने क्लासिकल रेणूंची निर्मितीच थांबवली, तर तुकडा नाही आणि ती स्वस्थताही नाही. माणसात हेच काम एचएलए-ई हा रेणू करतो.

टीएल या तिसऱ्या नॉनक्लासिकल रेणूमध्ये मात्र खोबण मिटलेली असते, तिला पेप्टाइड लागतच नाही. एका विद्यार्थिनीने ब्लॅक-६ या प्रयोगशाळेतल्या वाणाच्या उंदराच्या थायमसमध्ये (टी पेशी जिथे घडतात त्या ग्रंथीत) टीएल दोन आठवडे शोधला आणि शेवटी त्याला चिकटून तो दाखवून देणारे प्रतिपिंडच खराब ठरवले. या वाणाच्या थायमसमध्ये टीएल नसतोच. त्याच उंदराच्या आतड्याच्या अस्तरावर तेच प्रतिपिंड लखलखीत दिसले.