रजिस्टर अपडेट: ऑलिम्पिक अन् एशियन कप झालं, आता एशियाडच्या पानांवर अडकलोय

राम राम मंडळी, बरेच दिवस काही टाकलं नव्हतं, मधे तुरीचा सीझन होता त्यामुळं रजिस्टरला हातच लागला नाही. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. परभणीच्या मोंढ्यातून आणलेली एक जाड खतावणी आहे, अन् तिच्यात भारताच्या सीनिअर फुटबॉल टीमनं मोठ्या स्पर्धांमध्ये खेळलेली एकेक मॅच मी हातानं लिहायलोय. तारीख, मैदान, समोरची टीम, स्कोर, गोल कुणी घातले अन् शेवटी शेरा. एक्सेलमध्ये का नाही करत असं कुणी परत विचारू नका, दिवसभर एक्सेलमध्ये आडतीचाच हिशोब असतो, रात्री परत तेच तोंड बघायची इच्छा होत नाही राव.

तर ऑलिम्पिकचं खातं बंद केलं. १९४८ ते १९६०, चार ऑलिम्पिक, मॅचेस ८, जिंकली १, बरोबरी १, हरल्या ६. गोल घातले १०, खाल्ले २७. खाल्लेल्यातले १० एकट्या युगोस्लाव्हियाचे, १९५२, हेलसिंकी, १०-१, आपला एक अहमद खानचा. त्या मारानंतरच आपल्या फुटबॉल फेडरेशननं बूट सक्तीचे केले, तोवर आपली बरीच पोरं अनवाणीच खेळायची.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते १९४८ च्या ओळीवर. ३१ जुलै, लंडनजवळ इलफर्ड, फ्रान्सकडून २-१ नं हरलो. कॅप्टन तालिमेरेन आओ, नागा माणूस, पुढं डॉक्टर झाला. दोन पेनल्टी वाया घालवल्या, सारंगपाणी रामननं बरोबरी करून दिली, अन् मॅच संपत आली तेव्हा फ्रान्सनं दुसरा घातला. स्वतंत्र भारताची ही पहिली आंतरराष्ट्रीय मॅच. आता तारीख नीट बघा. ३१ जुलै १९४८ ला आपण इथं निजामाच्या राज्यात होतो, रझाकारांचा धुमाकूळ चालू होता, अन् मुक्ती मिळाली १७ सप्टेंबरला. म्हणजे ती मॅच झाली तेव्हा परभणी भारतात नव्हतीच! हे डोक्यात आल्यावर मी सरळ पट्टी घेतली अन् सातवा कॉलम आखला, 'तेव्हा आपण कुठं'.

हा कॉलम लई कामाला आला. कारण आपल्याकडं सगळ्यांना वाटतं की भारताचा फुटबॉल म्हणजे बंगाल, गोवा, केरळ, अन् आता मिझोराम-मणिपूर, मराठवाड्याचा काय संबंध. संभाजीनगरच्या आमखास मैदानावर चालतो तेवढा फुटबॉल, बाकी सगळीकडं क्रिकेट अन् कबड्डी. पण सय्यद अब्दुल रहीम कोण होते? हैदराबादचे मास्तर. काचीगुड्याच्या शाळेत शिकवायचे, आपण ज्या काचीगुड्याला रेल्वेनं उतरतो तेच. उस्मानियात शिकलेले, म्हणजे तेव्हा आपल्याकडची पोरं पण ज्या युनिव्हर्सिटीत जायची तीच. त्यांनी हैदराबाद सिटी पोलीसची टीम अशी बांधली की १९५० ते ५४ सलग पाच वर्षं मुंबईत जाऊन रोव्हर्स कप उचलून आणला. अन् मग तेच भारताच्या टीमचे कोच. तेव्हाचं राज्य कोणतं, हैदराबाद. आपले जिल्हे कुठं, त्याच राज्यात. मग आपला संबंध कसा नाही?

१९५६ मेलबर्नला तर गंमतच आहे. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला १ नोव्हेंबरला अन् भारत-ऑस्ट्रेलिया मॅच झाली १ डिसेंबरला. म्हणजे महिनाभर आधीपर्यंत रहीमसाहेब अन् आपण एकाच राज्याचे, अन् मॅचच्या दिवशी आपण नेव्हिल डिसोझाच्या राज्यात, तो मुंबईत टाटांकडून खेळायचा. त्यानं त्या दिवशी तीन गोल घातले, ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई, चौथा कृष्णस्वामी म्हणजे किट्टूचा, ४-२. टीममध्ये बलराम, नूर मोहम्मद, झुल्फिकार अशी हैदराबादची फौजच होती. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध पण पहिला गोल नेव्हिलचाच, मग त्यांनी चार घातले. तिसऱ्या नंबरसाठी बल्गेरियाकडून ३-०.

आता इथं भांडण होणार हे माहीत आहे तरी लिहितो. 'ऑलिम्पिकमध्ये चौथे' हे आपण फार मिरवतो, पण पहिल्या राउंडला हंगेरी आलीच नाही त्यामुळं बिनखेळता पुढं गेलो, अन् जिंकलेली मॅच एकच. त्यापेक्षा १९६० रोमची टीम मला भारी वाटते, जिच्या नावापुढं काहीच नाही. हंगेरीकडून फक्त २-१ नं हरलो, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पी. के. बॅनर्जींचा गोल, मग पेरूकडून ३-१. ग्रुपमध्येच बाहेर, पण टीम बघा कोणत्या होत्या समोर.

१९५० च्या वर्ल्डकपला एक अख्खं पान कोरं ठेवलंय, शेरा फक्त 'गेलो नाही'. अनवाणी खेळू देणार नव्हते म्हणून गेलो नाही ही गोष्ट दर वर्ल्डकपला व्हॉट्सॲपवर फिरते, कृपया मला पाठवू नका. बर्मा, इंडोनेशिया, फिलिपिन्सनं माघार घेतली म्हणून आपला नंबर लागला होता, ग्रुपमध्ये इटली, स्वीडन, पॅराग्वे होते, अन् फेडरेशननं टीम निवड, सराव अशी कारणं देऊन नाव काढून घेतलं. खरं म्हणजे तेव्हा आपल्या लोकांना ऑलिम्पिक म्हणजेच सगळं वाटायचं.

एशियन कप एका रात्रीत उरकला, कारण आहेच किती. १९६४, ८४, २०११, २०१९ अन् २०२३ चा जो २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये झाला तो. मॅचेस १६, जिंकल्या ३, बरोबरी १, हरल्या १२. गोल १२, त्यातले ४ एकट्या छेत्रीचे. १९६४ चं उपविजेतेपद ऐकायला जोरदार आहे, पण स्पर्धेत टीमच चार होत्या. दक्षिण कोरियाला २-० हरवलं ते मात्र खणखणीत. त्या स्पर्धेनंतर एशियन कपमध्ये पुढची मॅच जिंकायला २०१९ उजाडलं, थायलंडला ४-१. मधल्या काळातलं लिहिण्यासारखं म्हणजे ८४ ला इराणशी ०-० एवढंच. कतारमधल्या तीन मॅचेसना शेऱ्यात काही लिहिलंच नाही, एक गोल नाही तर काय लिहावं.

अन् आता एशियाड. १९५१ दिल्ली झालं, फायनलला मेवालालच्या गोलवर इराण १-०. पण १९६२ जकार्ताला येऊन पेन थांबलाय कारण शेऱ्याची जागाच पुरंना. पहिली मॅच दक्षिण कोरियाकडून २-० नं हरलो. थायलंडविरुद्ध जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले, तर रहीमसाहेबांनी त्या डिफेंडरला सेमी अन् फायनलला पुढं फॉरवर्ड म्हणून उभं केलं. काय डोकं असंल त्या माणसाचं! सेमीत दक्षिण व्हिएतनामला ३-२. फायनलला परत कोरिया, अन् लाखभर लोक आपल्या विरुद्ध, कारण यजमानांनी इस्रायल अन् तैवानला बोलावलं नाही म्हणून आपल्या सोंधींनी, म्हणजे एशियाडच्या संघटनेतल्या भारतीय पदाधिकाऱ्यानं, आवाज उठवला होता अन् इंडोनेशियात लोक खवळले होते. अशा मैदानात सतराव्या मिनिटाला पी. के., विसाव्याला त्याच फुटक्या डोक्याचा जर्नेल. २-१, गोल्ड. पुढच्या जूनमध्ये रहीमसाहेब कॅन्सरनं गेले, अन् त्यानंतर एशियाडचं गोल्ड आजपर्यंत नाही, १९७० बँकॉकला ब्राँझ तेवढं आलं. माझ्या हिशोबानं सगळ्या रजिस्टरमध्ये या एका स्पर्धेला तोड नाही, मेलबर्न पण नाही. म्हणून १९६२ ला दोन पानं देणार, बाकीच्यांना अर्धं अर्धं.

पुढं सॅफ (दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा) अन् वर्ल्डकप क्वालिफायर घ्यायचेत, तिथं एक शंका आहे ती सोडवा. २०२३ ची बेंगळुरूची सॅफ फायनल, कुवेत १-१, पेनल्टीवर ५-४ नं आपण जिंकलो. रेकॉर्डवाले अशी मॅच बरोबरीत धरतात, पण कप तर आपल्या हातात आहे. तुम्ही तुमच्या वहीत काय लिहिता? मी सध्या पेन्सिलीनं 'बरोबरी' लिहून पुढं कपाचं चित्र काढून ठेवलंय. अन् १९५१ ते ७० मधल्या एशियाडचे जुने मराठी पेपर कुणाच्या घरी पोटमाळ्यावर पडले असतील तर फक्त फोटो काढून पाठवा, पेपर तुमच्याकडंच राहू द्या.