सिंधी बाई आणि वाकळ

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक माझ्या गल्ल्यामागं घातलेली वाकळ, म्हणजे गोधडी, बघतं आणि हमखास विचारतं, "तुम्ही सिंधी ना? मग आमची वाकळ शिवायला कुठं शिकलात?"

शिकले दादीकडून, म्हणजे वडिलांच्या आईकडून. आणि तिच्या लेखी ती वाकळ नव्हतीच, रल्ली होती, सिंधमधली गोधडी.

फाळणीनंतर दादी कराचीहून बोटीनं मुंबईला आणि तिथून १९४८ मध्ये वळिवड्याच्या छावणीत, म्हणजे आताच्या या गांधीनगरात आली. त्याआधी १९४३ पासून तिथं सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. रशियानं घरातून उचलून सायबेरियात नेलेली आणि मग इराणमार्गे इथवर पोचलेली माणसं, त्यात बायकापोरंच जास्त. त्यांनी इथं शाळा चालवल्या, चर्च उभं केलं, नाटकं बसवली. ती गेली आणि त्याच बराकींत आमची माणसं शिरली. दादी म्हणायची, भिंतीत खिळेसुद्धा ठोकावे लागले नाहीत.

तिला रात्री झोप यायची नाही. दिवसा चिंध्या गोळा करायची. रल्लीचा वरचा थर रंगीत तुकडे कापून जोडलेला, आत जुनं कापड, आणि सगळं एकत्र धरून ठेवणारा धावदोरा, ओळीला ओळ लागून. थर सरकू नयेत म्हणून चार हात लागतात. दादीचे दोनच. बराकीबाहेर ती अंथरून बसली होती, तेव्हा दूध घालायला येणाऱ्या आक्का थांबल्या. "अगं बया, ही तर आमची वाकळच की!" दादीला मराठी येत नव्हतं, आक्कांना सिंधी. आक्कांनी कासंडी बाजूला ठेवली, दुसरं टोक धरलं आणि सुई मागितली.

दादीचे टाके बारीक, आक्कांचे लांब. कोण कुठं बसलं होतं ते त्या रल्लीवर अजून कळतं. मधला चौकोन इरकली लुगड्याचा आहे; तो कुणाचा हे सांगायला नको.

सिंधबद्दल दादी घरात बोलायची नाही. शिवताना मात्र आक्कांशी सिंधीतून तासन्‌तास बोलायची आणि आक्का नुसता हुंकार भरायच्या. त्यांना कळत नव्हतं म्हणूनच बहुधा तिला सगळं सांगता आलं असावं.

आता दुकानाच्या माळ्यावर आम्ही पाच-सहा जणी बसतो. कटपीस घरचेच. गेल्या वर्षीपासून मुजफ्फरपूरची एक जण येते, तिचा नवरा इथं हमाली करतो. ती आपल्या गावच्या या कामाला सुजनी म्हणते. आधी तोंड उघडायची नाही, आता माझ्या टाक्यांना नावं ठेवते.

मध्ये एका प्रदर्शनवाल्यांनी आमच्या वाकळेखाली 'फाळणीची जखम' अशी पाटी लावायला सांगितलं. मी लिहिलं, 'वाकळ. जुनी लुगडी, कटपीस. थंडीत ऊब चांगली.' विकली गेली नाही. परत आणली, तर मुजफ्फरपूरवालीनं पांघरायला मागून नेली.